चालकाशी बोलू नये

दमयंतीच्या टेबलावर दोन फोन असत. एक जुना लँडलाइन, दुसरा एजन्सीने दिलेला मोबाइल. सकाळी साडेनऊपासून दुपारी तीनपर्यंत त्यातला एक तरी तिच्या कानाला लागलेला असायचाच. रत्नागिरीत विनीत शेट्यांची औषधांची घाऊक एजन्सी होती आणि रोज तीन गाड्या माल घेऊन तिथून निघत. एक लांज्याला, एक पावसवरून पूर्णगडला आणि एक गणपतीपुळ्याच्या अंगाला. कोणाची ऑर्डर कुठल्या गाडीत चढली, कोणाचा खोका राहिला, कोण आधी, कोण नंतर, हे सगळं गेली नऊ वर्षं दमयंती बघत होती. गावोगावचे मेडिकलवाले तिला फोन करून विचारायचे, गाडी कुठे आहे? मग ती ड्रायव्हरला विचारायची, कुठे पोचलात? त्याने सांगितलं की ती मेडिकलवाल्याला कळवायची. यात काही वावगं आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उलट विनीतशेट चारचौघांत कौतुकाने म्हणायचे, "माझ्या गाड्या दमयंतीताईंच्या बोटांवर चालतात."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी लांज्याच्या दर्शन मेडिकलवाल्याचा अकराच्या आत तिसरा फोन आला. "ताई, गिऱ्हाईक दुकानात उभं आहे. गाडी कुठाय?" केबिनमधून विनीतशेटांनी ऐकलं आणि आतूनच सांगितलं, "अहो, विचारा की अनिलला."

तिने अनिलला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"ताई, पाली सोडली. अंजणारीच्या उताराला..."

पुढे शब्द आलाच नाही. आदळल्याचा मोठा आवाजही आला नाही. आला तो घासत गेल्यासारखा एक लांबच लांब आवाज, मग खोकी एकावर एक पडल्याचा, बाटल्या फुटल्याचा. त्यानंतर फक्त वायपर. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फोन चालूच होता. दमयंती "अनिलभाऊ, अनिलभाऊ" म्हणत राहिली आणि तिकडे वायपर हलत राहिला. चारेक मिनिटांनी कोणीतरी परका माणूस फोनवर आला आणि म्हणाला, "ओ बाई, ह्या गाडीवाल्याच्या घरचे काय तुम्ही?"

अनिलचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता, खांद्याचं हाडही सरकलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेच्या चरात आडवी झाली होती. जीव वाचला यावर सगळ्यांनी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला अनिलने सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." विनीतशेट हळहळले. दमयंती खाटेच्या पायथ्याशी मुसंब्यांची पिशवी धरून उभी होती. अनिलने तिच्याकडे बघितलं नाही. तिने पिशवी खाली ठेवली, पावसाबद्दल काहीतरी बोलली आणि निघाली.

त्या संध्याकाळी घराकडच्या बसची वाट बघताना तिने मोबाइलमधली आदल्या दिवशीच्या फोनांची यादी उघडली आणि अनिलच्या नावासमोरचे तिन्ही फोन पुसून टाकले. का पुसले, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

त्यानंतर मात्र तिला चैन पडेना. भाजी निवडताना, नळाखाली भांडी धरताना मधेच तो वायपर सुरू व्हायचा. ऑफिसात ती एका जागी टिकेना. उठून पाण्याच्या माठाकडे जायची, पाणी न पिताच परत यायची. आणि विचित्र म्हणजे तिचे फोन कमी व्हायचे सोडून वाढले. पूर्णगडच्या गाडीवरचा केतन निघून वीस मिनिटं झाली नाहीत तोच तिला वाटायचं, एकदा आवाज ऐकावा. त्याने उचलला की जिवात जीव यायचा. पुढच्या दहा मिनिटांत तो पुन्हा जायचा.

त्या वर्षी रत्नागिरीतल्या दुकानांच्या गाड्यांना एकूण तीन अपघात झाले. बेकरीची एक गाडी, बर्फ वाहणारा एक टेम्पो, आणि ही एजन्सीची. व्यापाऱ्यांच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं मुंबईहून शिकवणारा आणू, कोणी म्हणालं ड्रायव्हरांना एक दिवस हॉलमध्ये बसवून पडद्यावर काही दाखवू. शेवटी बेकरीवाल्याने विठू पड्यारांचं नाव काढलं. विठूकाकांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली होती आणि त्यांच्या हातून कोणाला खरचटलंही नव्हतं. निवृत्तीनंतर ते घरी कंटाळलेच होते. त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली. "भाषण करनार नाय. तीन दिवस गाडीत बसेन, एक दिवस हापिसात. मग काय ते बोलू."

ऑक्टोबरमध्ये ते एजन्सीत आले. शिडशिडीत, पांढऱ्या मिशा, काखेत छत्री. तीन दिवस ते तीन गाड्यांत ड्रायव्हरशेजारी बसून फिरले; अनिलच्या वाटेवर तेव्हा बदली ड्रायव्हर होता. चौथ्या दिवशी सकाळी दमयंतीच्या टेबलाशेजारी एक स्टूल ओढून बसले. मांडीवर शाळेची शंभरपानी वही, हातात पेन्सिल.

पहिला तासभर दमयंतीने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मग तिच्या लक्षात आलं की तिने ड्रायव्हरला फोन लावला की म्हातारा वहीत एक रेघ मारतो. बोलणं संपलं की विचारतो, "मागं इंजिनाचा आवाज होता का गो बाय?"

"होता."

मग त्या रेघेवर आडवी रेघ.

दुपारपर्यंत तिचं डोकं भणभणायला लागलं. हात फोनकडे जायचा, पेन्सिल दिसायची, हात थबकायचा, आणि मग चिडून ती फोन लावायचीच. तीन वाजता शेवटची गाडी परतीला लागली तेव्हा विठूकाकांनी मोजून सांगितलं, "सत्तेचाळीस लावलेस. एकतीस त्यांनी चालत्या गाडीत उचलले."

"मी काय गंमत म्हणून लावते का काका?"

"नाय. गंमत म्हणून कोनच लावत नाय." त्यांनी वही मिटली. "आमच्या एसटीत माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. कोन वळखीचा पुढं येऊन बोलाय लागला की कंडक्टर नुसतं पाटीकडं बोट करायचा. मला तोंड उघडावं लागायचं नाय. ह्या तिघांच्या डोक्यावर काय हाय?"

तिने लँडलाइनचा रिसीव्हर सरळ करून ठेवला.

"अनिलचं झालं त्या दिवशी काय झालं होतं?"

"कुत्रं आडवं आलं," दमयंती म्हणाली. हे वाक्य तिने दोन महिन्यांत वीसदा ऐकलं होतं, पण स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच काढलं. काढल्यावर तोंड कडू झालं. विठूकाकांनी मान हलवली, छत्री घेतली आणि ते गेले.

शनिवारी दुपारी माल उतरवायच्या खोलीत सगळे जमले. विनीतशेट खुर्चीवर, ड्रायव्हर खोक्यांवर. दमयंती दाराशी उभी होती. विठूकाकांनी सांगितलं ते फार नव्हतं. गाडी निघाली की ड्रायव्हरचा मोबाइल समोरच्या डब्यात बंद. ऑफिसातून त्याला फोन नाही. लांज्याच्या वाटेवर हातखंबा, पाली आणि लांजा, या तीन ठिकाणी गाडी बाजूला घेऊन ड्रायव्हरनेच फोन करायचा. इतर वाटांवरही तसंच, जागा ठरवून. आणि चौपदरीकरणाचं काम चाललंय तोवर लांज्याची वेळ अर्धा तास पुढे ढकलायची, कारण दीड तासात ते अंतर कापायचं तर कुठेतरी घाई करावीच लागते.

"काका, ही औषधं आहेत," विनीतशेट म्हणाले. "उशीर झाला तर मेडिकलवाला दुसऱ्याकडून घेतो. आणि फोनाने काय होतंय? माझे ड्रायव्हर काही नवशिके नाहीत. तुम्हाला ते काय म्हणाले?"

"फोन येतच नाय म्हनाले. तिघंही."

केतनने मान खाली घातली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, पूर्णगडच्या कोळीवाड्यातला. जरा वेळाने तो खालच्या मानेनेच म्हणाला, "ताई, मी उचलतो हां. पूर्णगडच्या उताराला पण उचलतो. नाय उचलला तर तुम्ही परत परत लावता."

"बरं, उचलता," विनीतशेट म्हणाले. "पण झालंय का काही? अनिलच्या वेळी फोनचा काही संबंध नव्हता. कुत्रं आडवं आलं होतं."

"कुत्रं नव्हतं," दमयंती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"माझा फोन चालू होता. तो माझ्याशी बोलत होता. बोलता बोलता गाडी गेली. मी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो फोन मोबाइलमधून पुसून टाकला."

मग विनीतशेटांनी विचारलं, "त्याला फोन लावा असं तुम्हाला कोणी..." आणि मधेच थांबले. त्यांना आठवलं असावं. ते उठले आणि केबिनमध्ये गेले. विठूकाका पेन्सिलीचं टोक बघत बसले. दहा-बारा मिनिटांनी विनीतशेट बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "सोमवारपासून करू," ते म्हणाले. "महिनाभर बघू." दमयंतीशी ते त्या दिवशी बोलले नाहीत.

रविवारी ती एसटीने लांज्याला निघाली. पाली गेल्यावर ती खिडकीला चिकटली. अंजणारीच्या उतारावर तिला काहीतरी दिसेल असं वाटत होतं, पण तिथे नवं डांबर आणि कडेला लावलेली पिंपं होती, बाकी काही नाही. लांज्याहून रिक्षाने सहा किलोमीटर आत अनिलचं घर. अंगणात अनिलची आई, सोनूबाई, सुपाने भात वारवत होती. पडवीत अनिल बाकावर पाय लांब टाकून बसला होता, शेजारी भिंतीला काठी.

सोनूबाईने तिला ओळखलं, पण सूप थांबवलं नाही. "दोन म्हयने झाले गो बाय," ती म्हणाली. "मुसंबी घेऊन आलीस तेव्हा मी तितंच उभी होते. माझ्याशी शब्द बोलली नायस."

"हो," दमयंती म्हणाली. तिने पायरीपाशी चपला काढल्या.

पडवीत बसल्यावर तिने अनिलला शनिवारचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि नखाने काठीवरची साल काढत होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"तुम्हाला वाटलं कुत्रं मी तुमच्यासाठी आणलं?"

"हो."

"नाय ताई. माझ्यासाठी आणलं. चोवीस वर्षं गाडी चालवतोय मी. फोनवर बोलता बोलता चरात गेलो हे गावात कोणाला सांगू?" तो थांबला. मग त्याचा आवाज बदलला. "पण तुम्ही तीनदा लावलात. दोनदा मी नाय उचलला. पाऊस होता, पुढचं दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा मला वाटलं, काहीतरी झालंय. आईला काय झालं असेल, घरून ऑफिसात फोन गेला असेल. म्हणून उचलला. काय होतं त्या दिवशी? एवढं काय होतं?"

दमयंतीला ते ठाऊक होतं. तिने बिल काढून बघितलं होतं.

"दर्शनचे दोन खोके. टॉनिकचे."

अनिलने मान वर केली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "टॉनिक," तो म्हणाला आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिला. तो रागावला असता, ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती तशीच बसून राहिली. शेवटी सोनूबाईने आत जाऊन चहा टाकला आणि कप तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "घे. लांबून आलीस." चहा पिऊन दमयंती अंगणात गेली, दुसरं सूप उचललं आणि गाडीची वेळ होईपर्यंत म्हातारीबरोबर भात वारवत राहिली.

सोमवारची सकाळ तिच्या कायम लक्षात राहिली. गाड्या साडेनऊला सुटल्या आणि तिला करायला काही उरलं नाही. कामं होती, बिलं होती, पण ती कामं हाताची. कान मोकळे होते. मेडिकलवाल्यांचे फोन मात्र येतच होते.

"ताई, गाडी कुठाय?"

"रस्त्यावर आहे. थांबली की कळवते."

"म्हणजे कुठे?"

"ते मला माहीत नाही."

नऊ वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. दर्शन तर वैतागलाच. पहिल्या आठवड्यात तिने चारदा मोबाइल उचलून नाव शोधलं आणि ठेवून दिला, एकदा तर केतनच्या नंबरावर बोट दाबलंही. त्याचा मोबाइल डब्यात बंद होता म्हणून निभावलं. त्यानंतर ती मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली विनीतशेटांच्या केबिनमध्ये नेऊन देऊ लागली. विनीतशेट ती खिशात टाकायचे. ड्रायव्हरांचे फोन आता लँडलाइनवर यायचे. एक लांज्याचा मेडिकलवाला खरंच सोडून गेला. बाकीचे कुरकुरत राहिले.

नोव्हेंबरच्या मध्याला अनिल काठी टेकत आला. गाडी चालवायला अजून अवकाश होता. विनीतशेटांनी त्याला दमयंतीच्या शेजारी टेबल दिलं, मेडिकलवाल्यांना उत्तरं द्यायला. त्याला ते काम जमलं. कोणी विचारलं की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि सांगायचा, "आता पालीच्या बाजारात असेल, तिथं आज आठवडी गर्दी. वीस मिनिटं धरा." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. दर्शनलासुद्धा त्याने असंच गप्प केलं. दमयंतीशी तो कामापुरतं बोलायचा. डबा खाताना कधी चटणी पुढे सरकवायचा, कधी नाही. ती ते तसंच घ्यायला शिकली. महिना संपला, पण थांबवूया असं विनीतशेट म्हणाले नाहीत. विठूकाका आता बर्फाच्या कारखान्यात वही घेऊन बसत होते.

जानेवारीत डॉक्टरांनी अनिलला परवानगी दिली. विनीतशेट म्हणाले, आधी गणपतीपुळ्याची जवळची फेरी कर. अनिल म्हणाला, "नाय. लांज्याचीच करतो. नायतर कधीच नाय होणार."

सकाळी गाडी सुटली तेव्हा दमयंती दारात गेली नाही. दहा वाजून सात मिनिटांनी हातखंब्याहून फोन आला. साडेदहाला पालीहून. आवाज नेहमीसारखा. लांजा साडेअकराला धरलं होतं. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. दमयंतीने एकच बिल तीनदा तपासलं. बारा वाजता दर्शनचा फोन आला. बारा वाजून पाच मिनिटांनी विनीतशेट केबिनच्या दारात आले, परत गेले, पुन्हा आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला.

"मी करतो एकदा," ते म्हणाले. "एकदाच."

"नको," दमयंती म्हणाली.

"अहो, सव्वाबारा होतील. काही झालं असेल तर?"

"काही झालं असेल तर आपल्या फोनने ते निस्तरणार नाही. आणि झालं नसेल तर..." तिने त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. "शेट, ठेवा तो."

विनीतशेटांनी मोबाइल ठेवला नाही, पण लावलाही नाही. हातात धरून ते तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले. दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाहेर कोणीतरी खोकी मोजत होतं, पंधरा, सोळा, सतरा, आणि मधेच चुकून पुन्हा एकपासून सुरू करत होतं.

बारा वाजून बावीस मिनिटांनी लँडलाइन वाजला.

"ताई, मी अनिल. उतारापाशी थांबलोय. गाडी बाजूला घेतली आहे, पार आतमध्ये." मागे इंजिनाचा आवाज नव्हता. "पाय थरथरायला लागला. आधी वाटलं दुखतोय. दुखत नाय. बराच वेळ तसाच बसून होतो. आता बरं वाटतंय, निघू काय?"

"पाणी प्यायलात?"

"प्यायलो."

"मग बसा अजून जरा. घाई नाही."

"बरं," अनिल म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

दमयंतीने रिसीव्हर ठेवला, विनीतशेटांकडे बघितलं आणि मान हलवली. ते उठून आत गेले आणि आतून बराच वेळ नळाचं पाणी वाजत राहिलं. मग तिने लांज्याला फोन लावला.

"दर्शन, गाडीला अजून तासभर तरी लागेल."

"तासभर? का, काय झालं?"

"काही झालं नाही," दमयंती म्हणाली. "ड्रायव्हर थांबलाय."